छोट्या व्यवसायाचं पहिलं फोटोशूट: यादी कशी करावी?

कागदवेडी
नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण मिळून हातबांधणीच्या वह्या, रोजनिशा आणि चित्रवह्या बनवतो. जुज (घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) शिवण्यापासून पुठ्ठ्यावर कापड चढवण्यापर्यंत सगळं आम्हीच करतो. आतापर्यंतचे फोटो फोनवर, जसा वेळ मिळाला तसे काढलेले आहेत. एकेकटा फोटो वाईट नाही, पण वेबसाइटवर शेजारी शेजारी लावले की ते एकाच व्यवसायाचे वाटत नाहीत. कुठे कागद पिवळट दिसतो, कुठे निळसर. एका फोटोत लाकडी टेबल, दुसऱ्यात चादर.

आता एका फोटोग्राफरबरोबर पूर्ण दिवस ठरवतोय. तारीख पक्की व्हायची आहे, म्हणजे तयारीला वेळ आहे. "काय काय हवंय त्याची यादी पाठवा," असं त्यांनी सांगितलंय आणि आम्ही दोघी नेमक्या तिथेच अडलोय. आवडलेल्या फोटोंचा भलामोठा मूडबोर्ड जमवलाय, पण त्यातून यादी काही निघत नाही.

फक्त वह्यांचे फोटो घ्यायचे की आमचे, कामाचे, जागेचेही? एका दिवसात किती होऊ शकतात? फोटोग्राफरशी आधी काय काय बोलून घ्यावं? या क्षेत्रातल्या लोकांनी जरा सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल.

रेघोटी
मी वेबसाइट आणि छापील साहित्याचं डिझाइन करते. फोटो माझ्या हातात सगळ्यात शेवटी येतात, त्यामुळे काय राहून गेलंय ते मला लगेच कळतं.

मूडबोर्डमधून यादी निघणारच नाही. फोटो कसा दिसावा ते मूडबोर्ड सांगतो, तो कुठे लागणार आहे ते सांगत नाही. यादीची सुरुवात जागांपासून करा. कोरा कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात तुमचा फोटो जिथे जिथे लागेल ती प्रत्येक जागा लिहून काढा. वेबसाइटचं पहिलं पान, प्रत्येक वहीचं पान, 'आमच्याबद्दल', इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉग, प्रदर्शनातला उभा फलक, पार्सलमध्ये टाकायचं कार्ड, कुणी तुमच्यावर लेख लिहिला तर त्यांना पाठवायचा फोटो. मग प्रत्येक जागेपुढे तिचा आकार लिहा, कारण आकारावरून फोटो बदलतो.

वेबसाइटचा वरचा पट्टा लांबट आडवा असतो, त्यावर शीर्षक आणि बटण येतं. म्हणजे वही एका बाजूला आणि उरलेल्या भागात शांत, एकसारखी पार्श्वभूमी हवी. तोच पट्टा फोनवर उभा होतो आणि आडव्या फोटोच्या दोन्ही बाजू कापल्या जातात. तेव्हा या एका जागेसाठी दोन फोटो घ्या, एक आडवा आणि एक उभा. इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी ४:५ म्हणजे १०८० × १३५० पिक्सेल चालतं, स्टोरीला ९:१६ म्हणजे १०८० × १९२०. स्टोरीत वरखालच्या पट्ट्यांवर नाव आणि बटणं येतात, तिथे महत्त्वाचं काही ठेवू नका. प्रोफाइलचा फोटो गोल कापला जातो, त्यामुळे कोपऱ्यांतलं सगळं जाणार.

छपाईसाठी साधा हिशेब: ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) पूर्ण ए४ पान छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. चांगल्या कॅमेऱ्याचा मूळ फोटो याला सहज पुरतो, पण त्यातून पाव तुकडा कापून तो पानभर छापायचा म्हटलं तर नाही पुरत.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते: रिकामी जागा मागून घ्या. फ्रेम भरून टाकायची फोटोग्राफरच्या हाताला सवय असते आणि तो फोटो दिसतोही सुंदर. मग मजकूर टाकायला माझ्याकडे काही उरत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या मांडणीचा एक जवळून आणि एक चार पावलं मागे जाऊन, मोकळा, असं यादीतच लिहा.

झरोका
रेघोटी यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी उत्पादनांची फोटोग्राफी करतो. ज्या ग्राहकाकडून जागांची यादी येते त्याचं शूट वेळेत संपतं, हा माझा कायमचा अनुभव.

एका दिवसात किती, हा प्रश्न असा सोडवा. समजा १२ प्रकारच्या वह्या आहेत आणि प्रत्येकीचे ४ कोन हवेत. झाले ४८ फोटो. मांडणं, पुसणं, घेणं, पडद्यावर तपासणं यात एकेकाला १० मिनिटं धरली तरी ८ तास गेले. तुमचे, कामाचे, मूडचे फोटो अजून सुरूच झालेले नाहीत. तेव्हा आधीच ठरवा की सगळ्या वह्यांना चारही कोन लागतात का. एकाच बांधणीच्या, फक्त कापडाचा रंग वेगळा असलेल्या पाच वह्या असतील तर उघडलेल्या पानांचा आणि शिवणीचा फोटो एकीचा पुरतो. बाकीच्यांचं मुखपृष्ठ घ्या.

दुसरं, क्रम. यादी महत्त्वानुसार लिहा, पण शूट प्रकाशानुसार लावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे सगळे एका दमात. कॅमेरा ट्रायपॉडवर, टेबलावर चिकटपट्टीने खूण, दिवे जागचे हलवायचे नाहीत, फक्त वही बदलायची. तुमचे फोटो एका दुकानाचे वाटत नाहीत त्यावर खरा उपाय हाच. त्यानंतर वरून घ्यायची मांडणी, मग खिडकीजवळची, मग माणसं. दर वेळी दिवे हलवले की अर्धा तास जातो आणि दुपारपर्यंत सगळे दमतात.

तिसरं, नमुने. कॅमेऱ्याला दबलेला कोपरा, कापडावर सुकलेला खळीचा ठिपका, शिवणीचा सुटलेला धागा सगळं दिसतं. प्रत्येक प्रकारच्या दोन ताज्या प्रती बाजूला काढून ठेवा आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही. सुती हातमोजे, कापडावरचे तंतू काढायचा चिकट रोलर, धूळ उडवायचा हवेचा फुगा आणि उघडं मुखपृष्ठ मागून धरून ठेवायला क्लिपा जवळ असू द्या. हे सामान फोटोग्राफर आणेल असं गृहीत धरू नका, विचारा.

कागदवेडी
दोघांचे मनापासून आभार. मैत्रिणीला वाचून दाखवलं, जागांची यादी आजच करायला बसतोय.

झरोका, आमच्या काही वह्यांवर सोनेरी फॉइलने अक्षरं दाबलेली आहेत आणि एक मालिका पूर्ण काळ्या कापडातली आहे. फोनवर सोनेरी अक्षरं एक तर काळी पडतात नाहीतर पांढरी भडक होतात, आणि काळी वही म्हणजे नुसता काळा चौकोन दिसतो. हे फोटोग्राफरवर सोडायचं की आपण काही सांगायचं?

झरोका
सांगायचंच. या दोन्ही वस्तू यादीत वेगळ्या खुणेने दाखवा, म्हणजे समोरचा माणूस तयारीने येतो.

फॉइल हा आरसा आहे. समोर जे असेल तेच तो दाखवतो. समोर अंधारी खोली असेल तर अक्षरं काळी, थेट दिवा असेल तर पांढरी. दिवा वाढवून यात काही सुटत नाही. वही टेबलावर, कॅमेरा समोर, आणि कॅमेऱ्यातून पाहिल्यावर अक्षरात खोलीचा जो भाग उमटतो नेमक्या त्या जागी पांढरा फोमबोर्ड किंवा थर्माकोलचा तुकडा धरायचा. बोर्ड इंचाइंचाने फिरवत गेलं की एका क्षणी आख्खं नाव एकसारखं सोनेरी उजळतं. तिथे बोर्ड टेकवून ठेवायचा आणि फोटो घ्यायचा. पोलरायझर फिल्टरची इथे मदत नाही, कारण उघड्या धातूवरची चमक तो कापत नाही. प्लास्टिकचं लॅमिनेशन किंवा काच असेल तर कापतो.

काळ्या कापडाला प्रकाश समोरून दिला की पोत मरतो. दिवा बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणून तिरका टाका, म्हणजे विणीचा प्रत्येक धागा स्वतःची सावली पाडतो आणि कापड कापडासारखं दिसतं. शिवणीच्या जवळच्या फोटोलाही हाच प्रकाश.

कागद कधी पिवळा, कधी निळा होण्याचं कारण मिसळलेला प्रकाश. घरगुती पिवळा दिवा साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (प्रकाशाचा रंग मोजायचं एकक) असतो, भर दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास, आकाश ढगाळ असेल तर त्याहून वर. दोन्ही एकत्र पडले की कागदाची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी होते. ती नंतर नीट दुरुस्तही होत नाही, कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. खिडकीच्या उजेडात काम असेल तर खोलीतले सगळे दिवे बंद. प्रत्येक मांडणीच्या सुरुवातीला वहीशेजारी ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरायचं करडं कार्ड) ठेवून एक फोटो घ्यायला सांगा, मग तुमचा मोतिया कागद सगळीकडे मोतियाच राहील. हाताने बनवणाऱ्यांसाठी ही बाब छोटी नाही. ग्राहक कागदाच्या त्या छटेसाठीच पैसे मोजतो.

नवाघाट
एक वेगळं मत मांडतो. एवढ्या तयारीनंतर फोटोग्राफर कशाला? आजकालचे फोन उत्तम आहेत. खिडकी, पातळ पांढरा पडदा, दुसऱ्या बाजूला थर्माकोल आणि एक ट्रायपॉड, एवढ्यावर वह्यांचे फोटो नक्की होतात. वरच्या सूचना पाळल्या तर आम्ही आमचं आम्हीच करू शकतो. छोट्या व्यवसायाने पहिला मोठा खर्च इथे करावा का?

झरोका
नवाघाट, तुमचं म्हणणं रोजच्या पोस्टपुरतं पूर्ण बरोबर आहे. फोनवर घेताना तीन गोष्टी पाळा. फोनची मुख्य लेन्स बहुधा २४ ते २६ मिमीच्या बरोबरीची, म्हणजे रुंद असते. वहीच्या फार जवळ गेलात तर जवळची कड मोठी आणि लांबची लहान होऊन आयताचा समलंब होतो. मागे सरका आणि २ पट झूमची लेन्स वापरा. पोर्ट्रेट मोड वह्यांसाठी नको, तो पानांच्या कडा आणि रिबन चुकीच्या ठिकाणी पुसट करतो. आणि पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक करा, नाहीतर पांढरी वही ठेवली की फोटो करडा आणि काळी ठेवली की फिकट होणार. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरूनच कॅमेरा उजेड मोजतो, त्याचा हा परिणाम.

पण फॉइल, काळं कापड, माणसं, मोठी छपाई आणि बारा वह्या हुबेहूब एकसारख्या, हे एका दिवसात हवं असेल तर अनुभवी माणूस घ्या. दोन्ही एकत्र चालतं. वर्षातून एकदा पायाभूत फोटो नीट करून घ्यायचे, मधल्या काळातले फोनवर.

रेघोटी
फोनवरचे मधले फोटो त्या पायाभूत फोटोंना शोभायला हवेत, म्हणून शूटच्या दिवशी वापरलेलं पार्श्वभूमीचं कापड किंवा फळी तुमच्याकडेच ठेवा. भाड्याची असेल तर तशीच दुसरी करून घ्या.

हिशेबवही
धागा उपयोगी आहे. पण माझ्याकडे दाखवायला वस्तूच नाही. मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब आणि करविषयक कामं पाहतो. माझ्या वेबसाइटवर काय असावं? लॅपटॉपसमोर बसलेला मी आणि हात मिळवतानाचा मी, याव्यतिरिक्त काही सुचत नाही.

उभीआडवी
हिशेबवही, मी सल्ला देणाऱ्या लोकांचेच फोटो काढते. तुमच्याकडे येणारा माणूस कशाला बिचकतो ते आधी लिहून काढा. बहुतेक जण कागदांच्या ढिगाला आणि न कळणाऱ्या भाषेला बिचकतात. मग दाखवायचं काय ते आपोआप ठरतं: तुम्ही एक कागद समोरच्याच्या बाजूला वळवून बोटाने एक ओळ दाखवताय आणि समोरचा वाकून बघतोय. फोटो त्याच्या खांद्यामागून घ्यायचा. चेहरा तुमचा दिसतो, ग्राहक म्हणून कुणी ओळखीचा बसला तरी चालतो, आणि बघणाऱ्याला स्वतःची खुर्ची सापडते.

टेबलावरचे कागद मात्र खास बनवून घ्या. खऱ्या ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक, सही यातलं काहीही फ्रेममध्ये नको. आजच्या कॅमेऱ्यात फोटो मोठा केला की उलटा कागदसुद्धा वाचता येतो. लॅपटॉपच्या पडद्याचं, मागच्या फळ्यावरच्या नोंदींचंही तेच.

हात मिळवतानाचा फोटो घेऊ नका. तो कुणाचाही असू शकतो.

हिशेबवही
ग्राहकाच्या खांद्यामागून, हे अगदी पटलं. खास कागद बनवायचं तर डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद.

कागदवेडी
उभीआडवी, आम्हा दोघींना कॅमेऱ्यासमोर फार अवघडायला होतं. 'आमच्याबद्दल'च्या पानासाठी फोटो तर हवेत. चेहऱ्याशिवाय, नुसत्या हातांवर भागेल का?

उभीआडवी
हात भरपूर घ्या, पण चेहरा टाळू नका. हातबांधणीच्या वहीचा ग्राहक माणसाकडून विकत घेतोय आणि तो माणूस त्याला बघायचा असतो.

झरोका माणसं शेवटी घ्या म्हणतात, मी एक बदल सुचवते. शेवटी नक्कीच, पण थेट चेहऱ्यापासून सुरुवात नको. आधी काम करतानाचे हात: सुईत मेण लावलेला दोरा ओवणं, हाडाच्या पट्टीने घडी दाबणं, जुजांची चळत पाठीवर ठोकून सरळ करणं. खरंखुरं काम करा, केल्यासारखं नको, कारण खोटं काम करताना बोटं कुठे जोर द्यायचा ते विसरतात आणि ते फोटोत दिसतं. एखादं जुज शिवून होईपर्यंत खांदे खाली येतात, श्वास संथ होतो. तेव्हा फोटोग्राफरने हातांवरून कॅमेरा हळूच वर आणायचा. पहिला फोटो कामाकडे बघताना. मग मैत्रिणीने काहीतरी विचारायचं आणि तुम्ही उत्तर देताना दुसरा. कॅमेऱ्याकडे बघून सर्वांत शेवटी.

कपड्यांबद्दल: अगदी बारीक रेघा किंवा चौकडी नको, सेन्सरवर त्यांच्या लाटा उमटतात. गडद लाल किंवा पोपटी झब्बा घालून पांढऱ्या कागदाजवळ बसलात तर कागदावर आणि हनुवटीखाली त्या रंगाची झाक येते. दोघींचे रंग एकमेकींना जुळणारे असावेत, सारखे नकोत. नखं, बाहीची कड आणि घड्याळ बघून घ्या, जवळच्या फोटोत सगळ्यात आधी तेच दिसतं. खळीने माखलेले हात मात्र खुशाल राहू द्या.

झरोका
मान्य. हातांपासून वर, हा क्रम जास्त चांगला.

पाऊलवाट
कागदवेडी, आणखी एक पर्याय आहे. हल्ली एआयने पार्श्वभूमी बदलता येते. वहीचा एक साधा फोटो घेतला की ती खिडकीत, झाडाखाली, हवी तिथे ठेवता येते. शूटचा निम्मा दिवस वाचेल.

रेघोटी
पाऊलवाट, एखाद्या पोस्टच्या पार्श्वभूमीपुरतं ठीक आहे. पण वही स्वतः त्या प्रक्रियेतून जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ही साधनं चित्र नव्याने रंगवतात आणि त्यात शिवणीचे टाके कमीजास्त होतात, कापडाची वीण बदलते, फॉइलची अक्षरं वितळल्यासारखी होतात. ग्राहकाने पाच टाके बघून मागवली आणि हातात चार टाक्यांची आली तर दोष तुमचा. हातकामाची पूर्ण किंमत विश्वासावर उभी असते. शिवाय विक्रीच्या ठिकाणांचे स्वतःचे नियम असतात. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे २५५, २५५, २५५ लागते आणि वस्तूने निदान ८५ टक्के चौकट भरावी लागते. तुम्ही जिथे विकणार असाल तिथले नियम यादी करण्याआधी वाचा.

कलमदान
लिखापढीबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही म्हणून मी लिहितो. पैसे दिले म्हणजे फोटो आपले, असं सगळीकडे नसतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यापासून नेमकं उलट आहे, करार नसेल तर हक्क फोटोग्राफरकडेच राहतो. म्हणून कुठेही असलात तरी लिहून घ्या. करार साधा चालेल, पण त्यात शब्द स्पष्ट हवेत.

मालकी कुणाची हे एक. ती फोटोग्राफरकडे राहणार असेल तर तुम्हाला वापर कुठे, किती काळ आणि कशासाठी ते लिहा. वेबसाइट आणि सोशल मीडिया यात जाहिरात आणि पॅकेजिंग आपोआप येत नाही. तुमचे फोटो दुसऱ्या दुकानदाराला विक्रीसाठी द्यायचे असतील तर तेही नमूद हवं. फोटोग्राफर ते स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवू शकतो का, आणि नव्या वह्या बाजारात येण्याआधी दाखवणार नाही ना, हेही.

मग कामाचा भाग. एडिट केलेले किती फोटो, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, कोणत्या तारखेपर्यंत, ठरल्यापेक्षा जास्त फोटो आवडले तर काय. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, काहीही दुरुस्ती न केलेली मूळ फाइल) सहसा देत नाहीत, तेव्हा हव्या असतील तर आधीच बोला. तारीख पुढे ढकलावी लागली तर अ‍ॅडव्हान्सचं काय, फोटोग्राफर आजारी पडला तर पर्यायी माणूस कोण. फाइली ते किती काळ जपून ठेवणार.

फोटोत तुम्हा दोघींव्यतिरिक्त कुणी असेल तर त्यांची लेखी संमती. नात्यातलं असलं तरी. मूल असेल तर पालकांची. भिंतीवर दुसऱ्याचं चित्र, टेबलावर दुसऱ्या कंपनीचं ठळक नाव असलेलं पेन, हे फ्रेमच्या बाहेर ठेवा.

नवाघाट
रॉ का देत नाहीत? पैसे तर आपण दिलेले असतात.

झरोका
रॉ म्हणजे अर्धवट काम. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे त्यात दुरुस्तीला भरपूर वाव राहतो, पण उघडल्यावर ती फिकी दिसते. तीच तशीच कुणी वेबसाइटवर लावली तर नाव फोटोग्राफरचं जातं. कुणी वेगळा मोबदला घेऊन देतातही. तुम्हाला स्वतः एडिट करायचं नसेल तर पूर्ण आकाराचा जेपीईजी आणि वेबसाठी लहान केलेला, असे दोन संच मागा. दोन्ही एसआरजीबी या, वेबवर सर्रास चालणाऱ्या, रंगपद्धतीत. अ‍ॅडोबी आरजीबीमधली फाइल काही ठिकाणी निस्तेज दिसते.

कागदवेडी
यादी तयार केली. बघून सांगाल का?

जागा अकरा निघाल्या. त्यावरून: सगळ्या वह्यांचं मुखपृष्ठ पांढऱ्यावर. प्रत्येक बांधणीची एक उघडी वही आणि पाठीचा जवळचा फोटो. तीन आकार एकमेकांशेजारी. फॉइलची दोन नावं, काळी मालिका वेगळ्या खुणेने. पहिल्या पानासाठी खिडकीजवळ आडवा आणि उभा. रोजनिशीचं लिहिलेलं पान, वरून. काम करताना आम्ही दोघी, मग चेहरे. शिवाय एक छोटा व्हिडिओ, जुज शिवतानाचा, जमल्यास त्याच वेळी.

रेघोटी
छान झालीय. माझ्या नजरेतून चार गोष्टी.

रोजनिशीच्या उघड्या पानावर छापील वर्ष दिसू देऊ नका. ते दिसलं की फोटो वर्ष सरताच जुना झाला. वर्ष नसलेलं पान निवडा किंवा त्यावर पेन आडवं ठेवा.

लिहिलेल्या पानावर काय लिहिलंय ते लोक वाचतात, अगदी अक्षर न् अक्षर. मजकूर आधी ठरवा, शुद्धलेखन तपासा, हस्ताक्षर कुणाचं ते ठरवा. त्या पानाच्या दोन प्रती लिहून ठेवा. दुसऱ्याचं गाणं किंवा कविता उतरवू नका, कलमदान यांनी लिहिलेला मुद्दा तिथेही लागू होतो.

तीन आकार शेजारी ठेवाल त्यात एखादा हात किंवा पेन असू द्या. नुसत्या तीन वह्यांवरून खरा आकार कळत नाही, मोजमाप लिहिलेलं असलं तरी.

आणि पार्सल: बंद, अर्धवट उघडलेलं, आणि आतली वही. हे तुमच्या यादीत नाही. भेट म्हणून घेणाऱ्याला तेच बघायचं असतं.

झरोका
व्हिडिओबद्दल सावध करतो. 'त्याच वेळी' होत नाही. फोटो फ्लॅशवर घेणार असतील तर व्हिडिओला ते दिवे निरुपयोगी, सतत जळणारे वेगळे लागतात. शटरचंही गणित वेगळं: सेकंदाला २५ चौकटींचा व्हिडिओ साधारण १/५० सेकंदाच्या शटरवर घेतात, म्हणजे हालचाल डोळ्याला सुखद दिसते. साधे एलईडी वापरले तर ५० हर्ट्झच्या विजेवर ते सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण चुकीच्या शटरवर व्हिडिओत पट्टे सरकतात. १/५० किंवा १/१०० सुरक्षित. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. व्हिडिओला स्वतंत्र तास द्या, हातांच्या फोटोंनंतर लगेच, कारण मांडणी तीच असते.

दिवे भाड्याने आणणार असाल तर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वरचे मागा. कमी सीआरआयच्या दिव्याखाली लाल कापड विटकरी दिसतं आणि ते नंतर ओढूनताणून लाल करावं लागतं. तुमच्याकडे लाल मालिका आहे का?

कागदवेडी
आहे, आणि तीच सगळ्यात जास्त जाते! लिहून घेतलं. पार्सलही वाढवलं. एक शेवटचं विचारते: शूटच्या दिवशी आम्ही दोघी नेमकं काय करायचं? पडद्यावर प्रत्येक फोटो बघत बसायचं का?

उभीआडवी
कामं वाटून घ्या. एकीने वह्यांची मांडणी आणि स्वच्छता बघायची, दुसरीने यादी हातात घेऊन खुणा करायच्या. निर्णय मात्र एकीचाच असू द्या, दोघींची दोन मतं आली की फोटोग्राफर थांबतो. प्रत्येक फोटो बघू नका. मांडणी बदलली की पहिला फोटो लॅपटॉपवर मोठा करून बघा: कोपरे, धूळ, पाठ सरळ आहे का, कागदाचा रंग. बरोबर असेल तर पुढे. यादीत सगळ्यात महत्त्वाचे म्हणून खूण केलेले फोटो आधी संपवा. उशीर झाला तर काय सोडायचं तेही आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

कागदवेडी
आणि दोनतीन महिन्यांनी नवी वही आली की? तिचा फोटो या बाकीच्यांत मिसळायला हवा.

झरोका
निघण्याआधी फोटोग्राफरकडून नोंद घ्या. लेन्सची मिमी, कॅमेऱ्याची वहीपासूनची उंची आणि अंतर, दिव्यांची जागा, एक्स्पोजर, पार्श्वभूमी कोणती. फोनवर संपूर्ण मांडणीचे दोन फोटो काढून ठेवा, एक समोरून, एक बाजूने, आणि टेबलावरच्या खुणांची मापं टेपने घ्या. मी ही नोंद न मागताही देतो, बरेच जण मागितल्यावर देतात. नवी वही आली की दुसरा फोटोग्राफरही त्यावरून तीच मांडणी उभी करू शकतो. जुन्यांपैकी एक वही त्या दिवशी सोबत ठेवून तिचाही फोटो घ्या आणि आधीच्या फोटोशी लावून बघा. दोन्ही जुळले की मग नवीचा घ्यायचा.